मासिकांच्या पानांतून कोलाज: रंकाळ्याची संध्याकाळ कागदात कशी उभी करावी

गेली पंधरा वर्षे मी जुन्या मासिकांच्या कागदांतून कोलाज करतो आहे आणि शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात एकाच चुकीने होताना पाहिली आहे. मासिक हातात आले की माणूस त्यातली चित्रे कापू लागतो. मोटार, नटीचा चेहरा, फुलपाखरू, एखादी इमारत असे सगळे पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवले जाते आणि शाळेच्या चिकटकामाच्या वहीत ते शोभूनही दिसते. मात्र त्यातला प्रत्येक तुकडा आपापली जुनी गोष्ट सांगत राहतो, त्यामुळे त्या सगळ्यांचे मिळून एक चित्र होत नाही. पान हा रंगांचा आणि छटांचा साठा आहे, असे समजून त्याच्याकडे पाहायला शिकणे ही या कामातली पहिली आणि सर्वांत अवघड पायरी आहे. पुढचे सगळे मार्गदर्शन त्याच दृष्टीने लिहिले आहे. उदाहरणादाखल १२ × १६ इंचांच्या पुठ्ठ्यावर कोल्हापूरच्या रंकाळा तलावाची संध्याकाळ करू. पाण्यातला संध्यामठ, पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेसचा मनोरा आणि वर मावळतीचे आकाश, एवढाच विषय पुरेसा आहे.

कागद कोठून आणावा आणि कोणता घ्यावा

कोल्हापुरात कागदाची वाण नाही. कोणत्याही पेठेतल्या रद्दीच्या दुकानात दिवाळीच्या आधी, घरे साफ होत असताना, गेलात तर मासिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे मिळतात. दुकानदाराला आपले काम एकदा समजावून सांगितले की तो गुळगुळीत पानांची मासिके बाजूला काढून ठेवतो. वजनावर घेण्यापूर्वी प्रत्येक अंक चाळून पाहावा. वास मारणारा, पाने एकमेकांना चिकटलेला किंवा कसर लागलेला अंक कितीही सुंदर असला तरी घरात आणू नये, कारण एका अंकातली कसर महिन्याभरात सगळ्या साठ्यात पसरते.

आपल्याला साधारण तीन प्रकारचे कागद मिळतात. जाहिरातींची आणि मुखपृष्ठांची पाने आर्ट पेपरवर छापलेली असतात. या कागदावर पांढऱ्या मातीचा गुळगुळीत लेप असतो, त्यामुळे रंग ठसठशीत उठतात. कथा-कवितांची पाने बहुधा मॅपलिथोवर असतात. हा कागद लेप नसलेला, जरा खरखरीत आणि वागवायला सोपा असतो. तिसरा कागद वर्तमानपत्राचा. त्याचा मऊ राखी रंग मोह पाडतो, परंतु त्यात लाकडातले लिग्निन शिल्लक असते आणि उजेडाने ते पिवळे, पुढे तपकिरी होते. ब्राक आणि पिकासो यांनी १९१२ मध्ये आपल्या चित्रांत वृत्तपत्राचे तुकडे चिकटवले, ते तुकडे आज तपकिरी झालेले दिसतात. तो बदल आपल्याला चालणार असेल तरच वर्तमानपत्र वापरावे. आकाशासाठी तर मुळीच वापरू नये.

जुन्या दिवाळी अंकांविषयी एक विनंती करावीशी वाटते. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केली आणि पुढच्या काळात दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्यासारख्या चित्रकारांची मुखपृष्ठे घराघरांत पोहोचली. असा एखादा अंक रद्दीत सापडला तर त्याला कात्री लावू नये. त्यातला रंग हवाच असेल तर त्या पानाची रंगीत लेझर प्रत काढून ती वापरावी आणि मूळ अंक जपून ठेवावा किंवा एखाद्या वाचनालयाला द्यावा. नव्या जाहिरातींच्या पानांत कापण्याजोगे इतके काही असते की जुन्या मुखपृष्ठांची गरज पडत नाही.

छटांचे डबे

पाने सुटी केल्यावर लगेच चित्राला हात घालू नये. एक संपूर्ण दुपार वर्गवारीसाठी द्यावी. मी बुटांचे रिकामे खोके वापरतो आणि त्यांवर निळा, हिरवा, तांबडा असे न लिहिता ‘उजळ’, ‘मध्यम’, ‘गडद’ आणि ‘काळा’ अशी चार नावे लिहितो. रंगांची विभागणी त्या प्रत्येक खोक्याच्या आत होते. डोळ्यांना रंग आधी दिसतो, पण चित्र उभे राहते ते छटांच्या, म्हणजे उजळ-गडदपणाच्या, फरकावर. पिवळा आणि फिका निळा हे दोन अगदी वेगळे रंग एकाच छटेचे असू शकतात, आणि तसे असले तर ते शेजारी ठेवल्यावर आकार हरवतो. शंका आली तर तुकडे टेबलावर ओळीने मांडून मोबाइलने कृष्णधवल छायाचित्र काढावे. कोणता तुकडा कोणत्या खोक्यात जायचा ते लगेच कळते. ज्यांना हे मनापासून समजून घ्यायचे आहे, त्यांनी राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालयात जाऊन पावडर शेडिंगची, म्हणजे भुकटीने छटा देऊन केलेली, कामे शांतपणे पाहावीत. नुसत्या छटांवर किती खोली निर्माण होते हे तेथे जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही पुस्तकात वाचून कळणार नाही.

कोणता रंग कोणत्या पानात सापडतो, हे सवयीने पाठ होते. दागिन्यांच्या जाहिरातींतून सोनेरीपासून खैरी रंगापर्यंतची सगळी उतरण मिळते आणि मावळतीच्या आकाशासाठी यासारखा दुसरा साठा नाही. सिमेंटच्या जाहिरातींत राखाडी, शेतीविषयक मासिकांत उसाचा हिरवा, पर्यटन कंपन्यांच्या पानांत आकाशाचा आणि पाण्याचा निळा रंग भरपूर असतो. केसांच्या तेलाच्या आणि मोटारींच्या टायरच्या जाहिरातींतला काळा रंग मात्र वेगवेगळा असतो. तेलाच्या जाहिरातीतल्या केसांचा काळा तपकिरीकडे झुकतो, तर टायरचा निळ्याकडे. भिंगाखाली धरून पाहिले तर कारण दिसते. छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंचे बारीक ठिपके एकमेकांशेजारी पडलेले असतात आणि काळ्याच्या खाली किरमिजी-पिवळे ठिपके जास्त असले तर तो काळा उबदार होतो, निळे जास्त असले तर थंड. संध्यामठाचा दगड काळा बसाल्ट आहे. त्याच्या उन्हाकडच्या अंगाला केसांचा काळा आणि सावलीच्या अंगाला टायरचा काळा लावला की दगडाला आपोआप गोलाई येते. माझ्या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त आनंद या एका गोष्टीने दिला आहे.

पाया

पाया म्हणून दोन मिलिमीटर जाडीचा ग्रे बोर्ड किंवा चांगला माऊंट बोर्ड घ्यावा. ओल्या गोंदाने कागद फुगतो आणि वाळताना आखडतो, त्यामुळे पुठ्ठा पुढच्या बाजूला वाकतो. यावर उपाय सोपा आहे: काम सुरू करण्यापूर्वी पुठ्ठ्याच्या पाठीवरही एक साधा कागद त्याच गोंदाने चिकटवून वाळू द्यावा, म्हणजे दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहते. पुठ्ठ्याच्या दर्शनी बाजूला पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा एक हात द्यावा. पातळ मासिकाचे पान ओले झाले की पाठीमागचा मजकूर पुढे उमटतो. राखी पुठ्ठ्यावर हा दोष अधिकच उठून दिसतो, पांढऱ्या पायावर बराच कमी होतो. तरीही प्रत्येक उजळ तुकडा वापरण्यापूर्वी खिडकीकडे धरून पाहावा आणि मागचा मथळा ठळक दिसत असेल तर त्याच्या पाठीला पांढरा रंग लावून घ्यावा.

फाडणे आणि कापणे

नवशिके कात्रीवर फार विसंबतात. माझ्या मते निसर्गदृश्यात निम्म्याहून अधिक काम हाताने फाडून व्हावे आणि कात्री व कटर इमारतींसाठी राखून ठेवावेत. फाडण्याची दोन तंत्रे हाताशी असली पाहिजेत.

पहिले तंत्र पांढऱ्या कडेचे आहे. छापील बाजू वर ठेवून, हवा असलेला भाग डाव्या हातात धरावा आणि नको असलेला भाग उजव्या हाताने आपल्या अंगाकडे ओढत फाडावा. डाव्या हातातल्या तुकड्याला कागदाच्या गाभ्याची पांढरी किनार येते. तोच नको असलेला भाग आपल्यापासून दूर ढकलत फाडला तर पांढरी किनार दिसत नाही. ढगाला आणि पाण्यावरच्या चकाकीला पांढरी किनार हवी, तर दूरच्या झाडीला ती नको. हे दोन प्रकार दहा-बारा वेळा निरुपयोगी पानांवर करून पाहावेत. एकदा बोटांना समजले की पुन्हा विचार करावा लागत नाही.

दुसरे तंत्र कागदाच्या तंतूंच्या दिशेचे. एक पान उभे फाडून पाहावे, दुसरे आडवे. ज्या दिशेने फाडताना रेघ सरळ जाते ती तंतूंची दिशा. बहुतेक मासिकांत ती बांधणीला समांतर असते. म्हणून पाण्याच्या लांब, अरुंद पट्ट्या पानाच्या उंचीच्या दिशेने फाडाव्यात आणि चित्रात लावताना आडव्या वळवून घ्याव्यात. विरुद्ध दिशेने फाडलेल्या पट्ट्या जागोजागी चिरफाळतात आणि पाणी शांत वाटण्याऐवजी खवळलेले वाटते.

मनोऱ्याच्या खिडक्या आणि मठाचे खांब यांसाठी धारदार कटर, स्टीलची पट्टी आणि कटिंग मॅट वापरावी. अकरा नंबरचे सर्जिकल ब्लेड नाजूक आकारांसाठी उत्तम असते. पाते बोथट झाले की आर्ट पेपर कापला न जाता ओढला जातो आणि कडेला लेप सुटतो, म्हणून पाते बदलण्यात काटकसर करू नये. लहान तुकडे उचलायला चिमटा ठेवावा, कारण बोटांचा घाम काळ्या गुळगुळीत कागदावर लगेच उमटतो.

मांडणी, गोंद न लावता

पुठ्ठ्यावर पेन्सिलीने फक्त तीन रेघा आखाव्यात: पाण्याचा आणि काठाचा संगम, मठाचा पाया आणि दूरच्या झाडीची वरची कड. यापेक्षा जास्त रेखाटन केले की आपण रेघेत कागद भरायला लागतो आणि कागद सुचवत असलेले आकार दिसेनासे होतात. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि त्याच्या परिसराची चित्रे पुन्हा पुन्हा काढली. आपणही एखाद्या संध्याकाळी चौपाटीवर बसून तासभर नुसते पाहावे आणि कोणता भाग सर्वांत उजळ, कोणता सर्वांत गडद एवढेच वहीत टिपावे. मी टिपलेल्या एका संध्याकाळी सर्वांत उजळ जागा आकाशात नसून मठाच्या डावीकडे पाण्यात होती. त्या तीन बोटे रुंदीच्या पट्टीमुळे पुढे सगळे चित्र ठरले.

मांडणी दुरून जवळ अशी करावी. आधी आकाश, मग झाडी आणि मनोरा, मग पाणी, शेवटी मठ. दूरच्या गोष्टींसाठी मॅपलिथोचे निस्तेज तुकडे आणि पाण्यासाठी आर्ट पेपर घ्यावा. चित्र भिंतीवर लागल्यावर पाहणारा हलला की गुळगुळीत कागदावरचा उजेडही हलतो आणि पाण्याचा भास खरा होतो. मठाचे प्रतिबिंब अखंड कापू नये. त्याच काळ्या कागदाच्या आडव्या पट्ट्या फाडून, मधून मधून पाण्याची पट्टी दिसू देत, खाली खाली विरळ करत न्याव्यात. कोणत्याही तुकड्यात ओळखू येणारा डोळा, अक्षर किंवा वस्तू राहिली असेल तर तो तुकडा फिरवून उलटा लावावा किंवा त्यातून लहान भाग काढावा. माझ्या एका कामात झाडीच्या मधोमध साबणाच्या वडीचा कोपरा राहून गेला होता आणि घरी येणारा प्रत्येक जण आधी तोच ओळखत असे. अखेर ते चित्र मी उचकटून पुन्हा केले.

मांडणी झाली की डोळे मिटून तिच्यावरून हलकेच बोटे फिरवावीत. दृष्टी गेल्यानंतर बंगालचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांनी रंगीत कागद कापून, चिकटवून चित्रे केली. कड, जाडी आणि तुकड्यांमधले अंतर बोटांना किती नेमके कळते, हे त्यामुळे मला प्रथम जाणवले. जेथे एकावर एक चार-पाच थर झाले आहेत ती जागा बोटांना लगेच सापडते. तेथले खालचे थर कापून काढावेत, नाहीतर वाळल्यावर उंचवटा राहतो. मग मांडणीचे छायाचित्र काढावे आणि तुकडे पाठीवर पेन्सिलीने क्रमांक घालून उचलावेत.

खळ आणि फेविकॉल

मॅपलिथोच्या मोठ्या तुकड्यांसाठी मी घरी केलेली मैद्याची खळ वापरतो. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवावा, मग एकूण पाच वाट्या पाणी होईल इतके पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळावे. मिश्रण पारदर्शक दिसू लागले की उतरवून, मलमलीच्या कापडातून गाळून थंड करावे. खळीचा मोठा गुण असा की पुढे पाण्याने भिजवून तुकडा सोडवता येतो. पुस्तके बांधणारे कारागीर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी असल्याने घरात मुले असतील तर वापरू नये. त्याऐवजी लागेल तेवढीच खळ करून, फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवावी.

आर्ट पेपरला खळ नीट धरत नाही. त्यासाठी तीन भाग फेविकॉलमध्ये एक भाग पाणी मिसळून चपट्या ब्रशने पातळ थर द्यावा. रबर सोल्युशन सोयीचे वाटते, पण काही वर्षांत कागदावर तपकिरी डाग उमटतात, म्हणून ते टाळावे.

तुकडा रद्दी कागदावर पालथा ठेवावा आणि मध्यातून कडेकडे गोंद लावावा. लगेच न चिकटवता अर्धा मिनिट थांबावे. ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने पसरतो. त्याला पसरू देऊन मग चिकटवला तर फुगे येत नाहीत. जागेवर ठेवल्यावर वर बटर पेपर धरून प्लॅस्टिकच्या कार्डाने मध्यातून बाहेर दाबत जावे. बाहेर आलेला गोंद किंचित ओल्या कापडाने टिपून घ्यावा, घासू नये. एका बैठकीत दहा-पंधरा तुकड्यांपेक्षा जास्त लावू नयेत. दर बैठकीनंतर बटर पेपर, त्यावर पोळपाट आणि त्यावर जड पुस्तके ठेवून चित्र रात्रभर दाबून ठेवावे.

पावसाळा

जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापूरच्या हवेत गोंद दुप्पट वेळ ओला राहतो. त्या काळात मी फक्त फाडणे, कापणे आणि मांडणी करतो. चिकटवण्याचे काम दसऱ्यानंतर घेतो. साठ्याची काळजी याहून महत्त्वाची आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात पाणी आले तेव्हा माझे सहा खोके जमिनीवर होते. मॅपलिथोची पाने दोरीवर वाळवून बरीच वाचली, मात्र आर्ट पेपरच्या पानांचा लेप ओला होऊन ती एकमेकांना अशी चिकटली की वाळल्यावर विटांसारखे ठोकळे झाले. ओली असतानाच पान पान अलग करून मध्ये बटर पेपर घातला असता तर निम्मी तरी वाचली असती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी वाढले, तोवर सगळे खोके माळ्यावर गेले होते. आता प्रत्येक खोक्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि सिलिका जेलची पुडी असते आणि महिन्यातून एकदा ते उन्हाच्या दिवशी उघडून वारा दिला जातो.

चौकट, हक्क आणि पाठीवरची नोंद

छपाईची शाई उजेडाला फार टिकत नाही. महाद्वार रोडवरच्या एखाद्या दुकानाबाहेर वर्षानुवर्षे उन्हात असलेले छापील पोस्टर निळसर झालेले सर्वांनी पाहिले असेल. पिवळा आणि किरमिजी रंग आधी उडतात, निळा आणि काळा मागे राहतात. आपल्या चित्रातले सोनेरी आकाश म्हणजे नेमके पिवळा आणि किरमिजी. म्हणून कोलाज ऊन येणाऱ्या भिंतीवर कधीही लावू नये. चौकट करताना काच आणि चित्र यांच्यामध्ये माऊंटची जाडी राहील असे फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगावे, कारण काचेला टेकलेला आर्ट पेपर दमट हवेत तिला चिकटतो. पाण्यावर आधारित मॅट वार्निश द्यायचे असल्यास आधी उरलेल्या तुकड्यांवर करून पाहावे आणि अगदी पातळ थर द्यावा.

चित्र विकायचे किंवा त्याच्या प्रती छापायच्या असतील तर हक्कांचा विचार आधी करावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. मासिकातले एखादे छायाचित्र जसेच्या तसे ओळखू येईल असे वापरले तर मूळ छायाचित्रकाराची परवानगी घेणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. पान रंग म्हणून वापरणाऱ्याच्या वाट्याला हा प्रश्न क्वचितच येतो, कारण त्याच्या तुकड्यांत मूळ छायाचित्र उरलेलेच नसते.

सही चित्रावर पेनाने करू नये, आर्ट पेपरवर ती पसरते. मी उजव्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढा मॅपलिथोचा तुकडा चिकटवतो आणि त्यावर पेन्सिलीने नाव लिहितो. पुठ्ठ्याच्या पाठीवर चित्राचे नाव, तारीख, वापरलेला गोंद आणि कागद कोणत्या वर्षांच्या मासिकांतले आहेत ते लिहून ठेवावे. दहा वर्षांनी एखादा तुकडा सुटला तर दुरुस्त करणाऱ्याला तो पाण्याने सोडवता येईल की नाही, हे त्या नोंदीवरूनच कळणार आहे.